घरचे मांजर आणि नवा राखणदार

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात कारखानदारी इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरली. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यातील शेतकऱ्याची पुष्कळशी जमीन या घडामोडीत गेली. उरलेल्या तुकड्यावर तो अद्याप कांदा, बटाटा व भाजीपाला पिकवितो आणि घराच्या मागील बाजूस चार खोल्या बांधून कामगारांना भाड्याने देतो. वस्तीवर अनोळखी माणसांची ये-जा वाढली आहे. विहिरीवरील केबल, मोटारीचा स्टार्टर, गोठ्यातील शेळी यांची काळजी रात्री झोप लागू देत नाही. सबब घरोघरी कुत्रे पाळण्याकडे ओढा वाढला आहे. हे कुत्रे बहुधा विकत आणलेले नसते. कारखान्याच्या फाटकापाशी, चहाच्या टपरीपाशी किंवा भाडेकरू खोली सोडून गेल्यावर मागे राहिलेले जे पिलू सापडेल, ते उचलून आणले जाते. यात गैर काहीच नाही. निराधार प्राण्यास आश्रय मिळतो व घरास राखणदार मिळतो.

परंतु हा राखणदार ज्या घरात येतो, तेथे बहुधा एक जुना रहिवासी अगोदरच असतो. धान्याच्या कणगीवर बसणारे, चुलीच्या उबेला झोपणारे आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेले असे ते घरचे मांजर होय. कुत्रे आल्याच्या पहिल्याच दिवशी ते माळ्यावर चढते. तीन-चार दिवस खाली उतरत नाही. मग एके सकाळी दिसेनासे होते. घरातील मुले थोडी हळहळतात, मोठी माणसे हसतात आणि विषय संपतो. तो खरे पाहता संपलेला नसतो. पावसाळा लागतो, बाहेरची बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर घरात शिरतात. पोती कुरतडली जातात, बियाण्याच्या बटाट्याला दात लागतात. धान्य उंदीर खातो त्यापेक्षा लेंड्या व मूत्र यांनी नासवितो अधिक, आणि त्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसापर्यंत पोचतो. मग दुकानातून विषाची पुडी येते. झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिळताच विषारी वायू तयार होतो व त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनने मरणारा उंदीर काही दिवस जिवंत राहून गळाठलेल्या अवस्थेत फिरत असतो, आणि असा उंदीर सहज हाती लागल्यामुळे कुत्रे तो खाते. अशा रीतीने मांजर गेल्यामुळे विष आले आणि विषामुळे कुत्रेही गेले, हा प्रकार वस्त्यांवर अपरिचित नाही. त्याचा आरंभ कुठे झाला हे मात्र फारसे कोणी शोधीत नाही.

मांजराच्या बाजूने बोलताना अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. एकदा जम बसलेल्या उंदरांचा नायनाट मांजराकडून होत नाही, आणि पुरती वाढलेली घूस अंगावर घेण्यास पुष्कळ मांजरे धजत नाहीत. त्याचा खरा उपयोग निराळा आहे. पिले व लहान उंदीर ते मारते, आणि त्याच्या वासाने व वावराने नवे उंदीर बिचकतात. कणगीखालील जागा स्वच्छ ठेवणे, भिंतीतील बिळे बुजविणे व पोती फळ्यांवर रचणे ही कामे माणसानेच करावयाची आहेत. ती केल्यावर जो पहारा उरतो, तो मांजराइतक्या अल्प खर्चात दुसरे कोणी करीत नाही.

या बाबतीत दोन समजुती ऐकू येतात. कुत्र्या-मांजराचे हाडवैर असून ते निसर्गानेच घातलेले आहे, ही पहिली. जनावरांचे जनावरे पाहून घेतात, माणसाने मध्ये पडू नये, ही दुसरी. पहिली समजूत चुकीची आहे. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचे निरीक्षण करून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत बहुतेक घरांमध्ये या दोहोंचे चांगले पटते असे दिसून आले. मांजर घरात आधी आलेले असेल तर जुळण्याचा संभव अधिक, तसेच मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रे एक वर्षाच्या आत परस्परांस भेटले तर अधिक चांगले, असेही त्यांत आढळले. खेड-चाकणच्या वस्त्यांवर मांजर आधीचे व कुत्र्याचे पिलू नवे, अशीच स्थिती बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे परिस्थिती मुळात अनुकूलच आहे. ती बिघडते ती पहिल्या आठवड्यातील घाईने.

दुसरी समजूत मात्र एके काळी बऱ्याच अंशी खरी होती, आणि म्हणूनच ती सहजी सुटत नाही. जुन्या घराला कौलारू छप्पर, माळा, पडवी, मागे परस, परसाच्या कडेला शेवगा आणि पलीकडे गवताची गंजी असे. कुत्र्याने पाठलाग केला तर मांजराला पळावयास दहा वाटा होत्या. ते दिवसभर गंजीवर राही, रात्री कौलांवरून माळ्यावर उतरे, आणि महिना-दोन महिन्यांत दोघांचे आपोआप जुळे. आज त्याच जागी सिमेंटचे घर आहे. माळा नाही, कौले नाहीत, परसात भाड्याच्या खोल्या आहेत आणि भोवती कुंपणाची भिंत आहे. कुंपणापलीकडे कंटेनर धावणारा रस्ता आहे. मांजराला पळावयास जागाच उरली नाही. जागा गेली तेव्हा जागेच्या जोरावर चालणारी जुनी रीतही गेली, हे ध्यानात घेतले पाहिजे. जे काम पूर्वी परस व माळा करीत होते, ते आता माणसाने थोडी योजना करून करावयाचे आहे.

कुत्रे बाहेर बांधावे व मांजर घरात ठेवावे, म्हणजे प्रश्नच मिटला, असे कोणी म्हणेल. तसे करता आले असते तर बरे झाले असते. परंतु खेड, आंबेगाव, जुन्नर व शिरूर या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. उसात राहणारा बिबट्या रात्री वस्तीलगत येतो तो बव्हंशी कुत्र्यासाठी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या मानाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा भरला आणि त्याखालोखाल मांजराचा क्रमांक लागला. अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्यास दारापर्यंत येण्याचे आमंत्रण होय. त्यास पळताही येत नाही. म्हणून रात्री कुत्रे बंदिस्त गोठ्यात अथवा दार लागणाऱ्या पडवीत घेणे भाग आहे, आणि तेथेच धान्य असते व मांजरही असते. एका छपराखाली दोघांनी राहावे, ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

दोघांचे स्वभाव प्रथम समजून घ्यावेत. कुत्रे हा कळपात राहणारा प्राणी आहे. नवे घर म्हणजे त्याच्या लेखी नवा कळप. मांजर माणसाइतकेच किंवा त्याहून अधिक जागेला धरून असते. खांबाला, दाराच्या चौकटीला, पोत्याच्या कोपऱ्याला ते गाल घासते ते लाडाने नव्हे. गालाजवळच्या ग्रंथींचा वास लावून ते आपल्या जागेच्या खुणा करीत असते. परक्या कुत्र्याच्या वासाने या खुणा एका दिवसात पुसल्या जातात आणि ओळखीचे घर त्याला अनोळखी होते. शिवाय दोघांची भाषा निराळी आहे. कुत्रे शेपूट हलविते तेव्हा ते बहुधा खुशीत असते; मांजर शेपूट जोराने आपटते तेव्हा ते चिडलेले असते. पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून पिलू खेळावयास बोलावते, ते मांजराला चालून आल्यासारखे वाटते. मांजर पळाले की पिलाला तो खेळ वाटतो व ते मागे धावते. त्यात वैर नसते, गैरसमज असतो. परंतु असा पाठलाग दहा वेळा झाला की त्याची सवय लागते, आणि सवय लागल्यावर ती मोडणे कठीण.

म्हणून पहिला पाठलाग होऊच द्यावयाचा नाही, हे या साऱ्या कामाचे मर्म आहे. पिलू आणले की ते थेट माजघरात आणून मांजरापुढे सोडू नये. पहिले सात-आठ दिवस त्याची जागा गोठ्यात किंवा बंद होणाऱ्या एका खोलीत असावी, आणि मांजराचा घरातील वावर पूर्ववत चालू राहावा. या काळात दोघांनी एकमेकांस पाहू नये, परंतु वासाची ओळख व्हावी. कुत्रे ज्या गोणपाटावर झोपते, त्याचा एक तुकडा मांजराच्या खाण्याच्या जागेपासून काही हातांवर टाकावा व मांजराच्या अंथरुणाचा तुकडा कुत्र्यापाशी ठेवावा. मांजर त्या तुकड्याकडे पाहून फिस्कारले तर तो दूर सरकवावा. त्याच्याजवळून निर्धास्त जाऊ लागले तर दररोज थोडा जवळ आणावा. त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही अंगांना दोघांना खाऊ घालावे. दारापलीकडचा वास आणि पुढ्यातील अन्न यांची सांगड मनात बसली की निम्मे काम झाले.

प्रत्यक्ष भेट त्यानंतर. पिलाला आधी पोटभर खाऊ घालावे, फिरवून दमवावे आणि मगच गळ्यात पट्टा व दोरी घालून मांजर असलेल्या खोलीत आणावे. दोरी माणसाच्या हातात असावी, खुंट्याला नव्हे. मांजराला उंचावर चढण्याची जागा असलीच पाहिजे. सिमेंटच्या घरात माळा नसेल तर भिंतीला दोन फळ्या ठोकाव्यात किंवा पोत्यांची थप्पी पायरीपायरीने रचावी. एवढ्याने त्या प्राण्याला हरवलेला माळा परत मिळतो. कुत्र्याने मांजराकडे टक लावली की त्याला नावाने हाक मारावी आणि त्याने मान वळविली की भाकरीचा तुकडा द्यावा. मांजराकडून नजर वळविल्यास लाभ होतो, हे पिलू फार लवकर शिकते. पाच मिनिटांनी भेट संपवावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मांजराने पाठ कमानीसारखी केली, केस उभारले, कान मागे दाबले, तर अंतर वाढवावे. दोरी सुटल्यासारखी जमिनीवर पडू देण्याचा दिवस दोन आठवड्यांनी येईल, चार आठवड्यांनी येईल किंवा मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दोन-तीन महिन्यांनीही येईल. येथे नव्याचे नऊ दिवस उपयोगाचे नाहीत. पुष्कळ घरांत आठवडाभर सारे नीट चालते, मग दोरी कंटाळून सोडली जाते आणि एका दुपारी सर्व शिकविणे वाया जाते.

दोन चुका विशेष आढळतात. मांजराला बळेच हातात धरून कुत्र्याच्या तोंडाशी नेले जाते, म्हणजे “ओळख” होईल असे वाटते. होते ते इतकेच की धरणाऱ्याचा हात ओरबाडून निघतो आणि मांजराची भीती दुणावते. मुलांना हा खेळ करू देऊ नये. दुसरी चूक म्हणजे मांजराच्या दिशेने धावलेल्या कुत्र्याला काठीने बडविणे. कुत्र्याला आपला अपराध समजत नाही. मांजर दिसले की मार बसतो, एवढेच त्याच्या मनात ठसते, आणि माणूस नसताना त्याचा राग मांजरावर निघतो.

माळ्यावर लपलेल्या मांजराकडे दुर्लक्ष करू नये. ते दोन दिवस अन्नाला शिवले नाही तर अन्न व पाणी त्याच्या लपण्याच्या जागी उंचावर पोचवावे. अधिक उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृताला अपाय होतो. बोक्यास भीतीने मूत्र अडण्याचा विकार होतो. वारंवार बसून मूत्र होत नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, कारण हा विकार जिवावर बेततो. उपाशी मांजर चांगले उंदीर मारते, ही समजूतही टाकून द्यावी. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी मांजर घर सोडते.

अन्नाच्या बाबतीत दोघांना एकच ताट चालत नाही. माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याला भाकरी पचविण्याची शक्ती आली आहे. मांजर मुळात मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याला लागते ते मांस-मासळीतूनच मिळते, आणि नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजराची दृष्टी व हृदय दुबळे होते. त्याचे खाणे उंचावर ठेवावे, अन्यथा ते कुत्रेच संपवील. चाकणच्या परिसरात आणखी एक धोका ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. चाकणची बाजारपेठ कांद्याची, आणि राजगुरुनगरला तर कांदा व लसूण संशोधन संचालनालयच आहे. कांदा येथे घराघरांत व चाळीचाळींत भरलेला असतो. कांदा व लसूण हे कच्चे असोत वा शिजविलेले, कुत्र्याच्या व त्याहून अधिक मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कांद्याचे वाटण घातलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. हिरड्या फिक्या पडणे, मूत्र तांबूस-तपकिरी होणे व अशक्तपणा ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तेव्हा रश्श्याची आठवण कोणाला राहिलेली नसते.

तसेच गोचिडाच्या औषधाचे. गाई-म्हशींसाठी आणलेले सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन उरले की ते अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर चोळले जाते. कुत्र्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते. या जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत. दोघांची मैत्री जुळली आणि मांजर कुत्र्याच्या अंगाला अंग घासून झोपले, तर त्याला कापरे भरते, आकडी येते व ते दगावते. ज्या घरात मांजर आहे तेथे कुत्र्याचे औषध पशुवैद्यकास विचारूनच आणावे. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कधीही देऊ नये. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

रेबीजचा विचार तर भेटीच्याही आधी व्हावा. रस्त्यावरून आणलेल्या पिलाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. ते तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी, पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुन्हा टोचावी व पुढे दरवर्षी चालू ठेवावी. मांजरासही ती हवी. बहुतेक घरी मांजराचा विसर पडतो, आणि मांजराच्या ओरबाड्यातूनही हा रोग होऊ शकतो हे माहीत नसते. चावा अथवा ओरबाडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार नाही.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा संबंध येतो. दुभत्या जनावरांची नोंद होते, शेळ्यांची होते, कोंबड्यांचीही होते. मांजर कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी विचारीत नाही. धान्यसाठवणुकीवर व्याख्यान देणारा कार्यकर्ता विषाच्या मात्रा सांगतो, पण घरात कुत्रे-मांजर आहे काय हे विचारून मग मात्रा सांगावी, असे त्यास सुचविले गेलेले नसते. कुत्र्यास लस टोचताना “घरी मांजर आहे का?” एवढा एक प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आहे. परंतु पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी घरधन्याचीच आहे, हे ग्रामसभेत एकदा स्पष्ट बोलले जावे.

मांजर नको झाले की त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडण्याची रीत या भागात अजून आहे. ती भामेच्या काठीही आहे आणि देहू-आळंदीच्या इंद्रायणीकाठीही आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा ज्या गावांत कीर्तनातून सांगितली जाते, त्याच गावांत आहे. सोडलेले मांजर परतीची वाट शोधते आणि बहुधा महामार्गावर संपते.

सर्व काळजी घेऊनही दोन-तीन महिन्यांत काही कुत्र्यांची पाठलागाची खोड जात नाही, विशेषतः वयात आल्यावर आणलेल्या व रस्त्यावर शिकार करून जगलेल्या कुत्र्यांची. अशा वेळी हट्ट धरू नये. त्याची रात्रीची जागा जाळीचे दार असलेल्या गोठ्यात कायम करावी, दिवसा तो अंगणात असेल तेव्हा मांजराची ये-जा मागच्या खिडकीने होईल अशी सोय करावी, आणि तेही जमत नसेल तर मांजर नसलेल्या एखाद्या ओळखीच्या वस्तीवर तो राखणीस द्यावा. त्याला नवी जागा आठ दिवसांत आपली वाटू लागेल. मांजराला तसे हलवू नये. ते कणगीपाशीच राहू द्यावे.